राजाची एक उडी

२ सप्टेंबर, मंगळवार

फ्रिजमध्ये अप्पांच्या चपला! दह्याच्या भांड्याशेजारी, नीट जोडून ठेवलेल्या. सरोजा कामं आवरून साडेतीनला जाते, मी गिंडीच्या कारखान्यातून सातला पोचते. मधल्या वेळात काय काय होत असेल देव जाणे. विचारलं तर म्हणाले, "वेयिल किती हे! उन्हाने तापल्या होत्या."

आणि मग नेहमीचंच — "हरी आला काय?"

हरीला, माझ्या नवऱ्याला, जाऊन चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात अप्पांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. आज "येईल" म्हटलं आणि कुकर लावला.

३ सप्टेंबर

दमले. एवढंच.

५ सप्टेंबर, शुक्रवार

श्रीनिधी सरांनी परत विचारलं. पुण्याला कंपनीचं नवीन युनिट सुरू होतंय, तिथलं सगळं चेकिंग माझ्या हाताखाली. "मॅडम, थर्टिएथपर्यंत सांगा. नंतर मला दुसरं कुणी बघावं लागेल." बारा ऑगस्टला पहिल्यांदा म्हणाले होते. वीस वर्षं मी इथे एका टेबलाशी बसून व्हॉल्व्ह तपासतेय. एक्कावन्न वय. परत कोण विचारणार आहे मला! पुण्याहून सांगली चार-साडेचार तासांवर. दूधवाल्याशी मराठीत भांडता येईल. इथे तमिळ मुलखात मराठी फक्त घरात, तीही सासरची तंजावरी.

पण अप्पांना, सासऱ्यांना, कुठे ठेवू? नव्या घरात एकटे दहा-दहा तास? डॉक्टर म्हणाले, चौऱ्याऐंशी वय आहे, असं अचानकही सुरू होतं, आणि असल्या माणसांना अनोळखी जागी एकटं सोडायचंच नाही.

नणंदेने, रंजनीने, बंगळूरहून कोइमतूरला एक वृद्धांचं होम शोधून काढलंय. चोवीस तास नर्स. महिनाअखेरपर्यंत एक खोली धरून ठेवतील. "वैनी, रोज बघतेस तू. तू सांग. तू म्हणालीस की मी फॉर्म भरते."

म्हणजे सगळं माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं. छान!

७ सप्टेंबर, रविवार

"कुमुद, पट मांड."

मी बघतच राहिले. आमची लग्नानंतरची रीत ही — रविवारी सकाळी अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान घेतात, पाठीमागे बुद्धिबळाचा डाव काढतात, मी तो पटावर मांडते. सोंगट्यांना हात लावायचा नाही, शेवटपर्यंतच्या चाली तोंडाने सांगायच्या. पुढच्या रविवारपर्यंत कोडं सुटलं तर कॉफी ते करणार, नाही तर मी. चोवीस वर्षांत त्यांच्या हातची कॉफी मोजकीच प्यायले. शाळेत असताना जिल्ह्यात दुसरी आले होते मी, सांगली जिल्ह्यात, हे त्यांना सांगून काही फरक पडत नाही.

हे विसरणं सुरू झाल्यापासून तीन रविवार कोडं नव्हतं. आज आलं. पोर्टाच्या ऑफिसात जन्मभर रजिस्टरं लिहिलेला हात — अजून एक रेघ वाकडी नाही. पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात. काळा राजा कोपऱ्याशी, समोर त्याचीच प्यादी. माझा वजीर, एक उंट, एक घोडा.

बरं वाटलं. का ते कळलं नाही.

९ सप्टेंबर

सैदापेटच्या पुलावर, बसमध्ये उभ्या उभ्या सुटलं. वजीर गुपचूप राजाच्या तोंडाशी आणून ठेवायचा, शह न देता. काळ्याने काहीही खेळू दे, पुढच्या चालीला मात. दोनच चाली! अप्पांनी तीन लिहिल्यात. मोजायला चुकले बिचारे.

१० सप्टेंबर

अप्पा कुणाला न सांगता बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. दुकानदाराने फोन केला. अर्धी रजा गेली. घरी आणताना माझा हात घट्ट धरला होता त्यांनी. तो किती हलका झालाय!

१४ सप्टेंबर, रविवार

भांडण. खरंखुरं, आवाज चढवून. मला लाज वाटतेय.

मी दोन चाली सांगितल्या. अप्पांनी मान हलवली. "चुकलं. राजा पळेल."

"कुठे पळेल? चारी बाजूंनी घरं बंद आहेत."

"पळेल. घोडा अगोदर."

म्हणजे घोडा राजाजवळ नेऊन शह द्यायचा, तोही काळ्या हत्तीच्या तोंडात. फुकट! हत्ती घोडा खाणार आणि मग मी तोच वजीर तिथेच आणणार, मात तीच. घोडा कशासाठी द्यायचा? दहा वेळा विचारलं. दहा वेळा तेच — घोडा अगोदर, राजा पळेल. मी सोंगटी उचलून घराघरावर टेकवून दाखवली. इथे? इथे? कुठे पळतोय तुमचा राजा? त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "सोंगटीस हात नको लावूं."

कॉफी मीच केली. सांडली.

१५ सप्टेंबर

रंजनीला लिहिलं — आता बुद्धिबळही गेलं. फॉर्म भर.

पाठवल्यावर मान-पाठ सगळं सैल झालं. बसमध्ये बसायला जागा मिळाली तर झोपलेच, गिंडी मागे गेलं, उलट्या बसने परत आले. हेही लिहून ठेवते, की मला हायसं वाटलं. उद्या मीच नाकारीन म्हणून.

१८ सप्टेंबर

फॉर्म गेला. चार ऑक्टोबरला न्यायचं. नवरात्रातल्या आयुधपूजेनंतर.

अप्पांना अजून सांगितलेलं नाही. सरोजा म्हणते, "सांगून काय अक्का, संध्याकाळी विसरतील." तिचे डोळे भरलेले.

२२ सप्टेंबर, सोमवार

नवरात्राचा कोलू मांडला. बाहुल्यांच्या पाच पायऱ्या. दर वर्षी तिसऱ्या पायरीवर अप्पांचा तंजावरचा जुना लाकडी पट ठेवतो, बाहुल्यांच्या मधोमध. त्यांनीच सोंगट्या पुसून मांडल्या. तेच कोडं! शेवटचा कोलू आहे त्यांचा या घरात, मांडू देत.

२५ सप्टेंबर

चण्याचं सुंडल, मुगाचं सुंडल (कोरडी उसळच ती), हळदी-कुंकू, पायऱ्या उतर-चढ. पाय दुखतात. येणारी प्रत्येक बाई अप्पांबद्दल विचारते, मामा कसे आहेत. बरे आहेत म्हणते.

२७ सप्टेंबर, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

वसंता आत्या आली होती, अप्पांची धाकटी बहीण, मईलापूरहून. अप्पा आत झोपले होते. आत्या कोलूसमोर वाकली, कुंकू लावायचं सोडून पटच बघत राहिली.

"अय्यो, हा तर आमच्या थोरल्या काकांचा डाव! मुलं असतां आम्हांस घालीत. हा देशी डाव, कुमुद. तुमचा नव्हे."

"देशी म्हणजे?"

"राजास एक उडी असते कीं. घोड्यासारखी. एकदांच. तीही शह बसला नाहीं तोंवर. एकदां शह खाल्ला, उडी गेली. पुढें जन्मभर पायीं पायीं."

माझ्या हातातलं सुंडलचं भांडं तसंच राहिलं.

मी वजीर गुपचूप आणला असता तर राजा आपल्याच प्याद्यांवरून उडी मारून मोकळ्या घरात गेला असता. पळाला असता! म्हणून आधी घोडा. घोडा वाचणार नाही, त्याला वाचायचंच नाहीये — शह बसला, उडी गेली, एवढंच त्याचं काम. मग वजीर. मग मात. तीन चाली.

बरोबर होते अप्पा. एक चाल इकडची तिकडे नाही. आणि मी बारा दिवसांपूर्वी फॉर्म भरायला सांगितला.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी पट खाली घेतला. सोंगट्यांना हात न लावता सांगितलं — घोडा, शह. हत्तीने खाल्ला. राजाची उडी गेली. मग वजीर, आणि मात.

अप्पांचा चेहरा! "वसंताने सांगितलं काय? तरी पण. तरी पण." टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. उठले, तरातरा स्वयंपाकघरात गेले. मी दारात उभी. गॅस बरोबर पेटवला, दूध उतू जाऊ दिलं नाही, डिकॉक्शन मोजून घातलं, माझ्या पेल्यात अर्धा चमचा साखर, त्यांच्यात नाही. दोन पेल्यांत ओतून फेस काढून हातात दिली. कडक, जशी मला लागते तशी.

मी अर्धी प्यायल्यावर, आपण सगळं बिनचूक केलं हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पेला खाली ठेवला, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "हरी आला काय?"

सोंग घ्यायला आता फार उशीर झाला होता, अप्पा.

दिवसभर डोकं फिरतंय. चपला फ्रिजमध्ये गेल्या, पण गॅस एकदाही उघडा राहिला नाही. बीपीची गोळी एकदाही चुकली नाही. हरवले ते कुठे, तर ज्या दुकानदाराकडे माझा नंबर आहे त्याच्या पायरीवर! आणि कोडं. खोटी चाल सांगणं त्यांच्याने झालं नसतं, मरतील पण सांगणार नाहीत. म्हणून असलं कोडं शोधलं की उत्तर खरं असेल आणि मला ते वेड्याचं वाटेल. माणसाने वेड पांघरायचं तर किती नीट पांघरावं!

पण का? मला घालवायची इतकी घाई? की माझ्याबरोबर राहायचा कंटाळा आला? खरं सांगते, राग आला. हरीचं नाव घेऊन नाटक!

२९ सप्टेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत रंजनीला फोन केला. म्हटलं, मी चुकीचं लिहिलं तुला, अप्पांना काहीही झालेलं नाही.

ती रडायलाच लागली.

"वैनी, होमचं मी नाही काढलं. अप्पांनीच फोन केला, तेरा ऑगस्टला. म्हणाले, 'कुमुदला पुण्यास बोलावतात, ती माझ्यामुळें जाणार नाहीं. मी विचारलं तर नोको म्हणेल. मला काही कळेनासं झालं तरच सोडून जाईल, मनाला न लावून घेतां.' माझ्याकडून शपथ घेतली गं. मला वाटलं, नाटक आठवडाभर चालेल आणि तू पकडशील."

मी पकडलं नाही. दीड महिना. मला पकडायचं नव्हतं.

बारा तारखेला मी पुण्याचं फोनवर बोलत होते तेव्हा अप्पा बाल्कनीत पेपर वाचत होते. बरोबर.

३० सप्टेंबर

सकाळी अप्पा हातात चपला घेऊन फ्रिजपाशी उभे. मी म्हटलं, "पुरे आता. रंजनीने सांगितलं सगळं." चपला खाली ठेवल्या, पायांत घातल्या. मग एकदम स्वच्छ आवाजात, "तूं जा. मी कोइमतूरला बरा राहीन. हरीच्या नांवाचं मात्र... तें मला फार जड गेलं."

म्हटलं, "मलाही. आणि कोइमतूर वगैरे काही नाही, शह बसलाय तुम्हाला. उडी संपली."

नऊ वाजता श्रीनिधी सरांना कळवलं — पुण्याला जाते. कंपनीचं घर तळमजल्यावरच बघा, आमच्या सासऱ्यांना जिना चढवत नाही.