जावयाच्या कोटातला रुमाल

डोंबिवली, ४ मे १९५४

हेमाच्या लग्नात जावयाला सूट आपल्याकडून द्यायचा, म्हणून खिशातला रुमालही आपल्याकडूनच! आणि त्याच्या घड्या घालणार मी. "सरोजच्या हाताला वळण आहे," आई म्हणाली. वळण आहे म्हणे. मार्चमध्ये हेच जावई, गुरुदत्त, मला बघायला आले होते. हेमा नुसती पाणी घेऊन बाहेर आली होती. आठवड्याने बाबांनी सांगितलं — "त्यांना धाकटी पसंत आहे. मनाला लावून घेऊ नकोस, तुला तुझी शाळा आहे." शाळा आहे खरी. बाबांची नोकरी सुटल्यापासून घर माझ्याच पगारावर चाललंय. पण म्हणून मला वाईट वाटायचंच नाही का?

६ मे

ठाण्याला टेंभी नाक्यावर जाऊन उत्तम शिंप्याकडून सूट आणला. त्याने रुमालाचे प्रकार दाखवले — सरळ पट्टी, एक टोक, तीन टोकं. हेमाला अर्थातच तीन टोकं हवीत. घरी रेशमी रुमाल घेऊन बसले, तर तो मेला हातात ठरतच नाही. एक टोक वर काढावं तर दुसरं आत जातं. शेवटी माझाच पांढरा सुती रुमाल घेतला, भाताच्या पेजेत बुडवला, ओलसर असतानाच तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. टोकं ताठ उभी राहिली. छान दिसली, याचाच जास्त राग आला.

८ मे

हेमा जवळ येऊन बसली. "ताई, रागावलीस का गं?" मी म्हटलं, "हात काढ तिथून, पेज सांडेल."

११ मे

तिन्ही टोकं तळाशी धरून ठेवायला आतून एक टाका लागतो. नाहीतर माणूस चार वेळा वाकला की रुमाल खिशात गेलाच. तो टाका मी घातला नाही. मुद्दाम. उद्या पानसुपारीला चारचौघांत होऊ दे फजिती. मला लाजबीज काही वाटत नाही, हेही लिहून ठेवते.

१३ मे

काल लग्न लागलं. संध्याकाळी पानसुपारीला थोरामोठ्यांच्या पाया पडता पडता रुमाल खिशात गेला. गुरुदत्त सरळ माझ्याकडे आले. "सरोजताई, हा तुम्हीच नीट करा." मी टोकं वर काढत होते, तेवढ्यात हळूच म्हणाले, "एक सांगायचं राहिलं होतं. मार्चमध्ये आम्ही तुमच्यासाठीच होकार कळवला होता. तुम्हाला लग्नच करायचं नाही, असं तुमच्या बाबांचं उत्तर आलं. हेमाचं त्यांनीच सुचवलं. वाईट वाटलं होतं तेव्हा, पण शाळेसाठीचा तुमचा निश्चय ऐकून आदरही वाटला."

मी मान डोलावली. दारात बाबा पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावत होते.

मला कुणी नाकारलंच नव्हतं. बाबांनी ठेवून घेतलं होतं.