काकीचे चार सूर

शुक्रवार, संध्याकाळ, मस्कत

पुन्हा तेच! कोलशेतला ताईच्या हळदीत डीजे नको, धवले, म्हणजे लग्नातली जुनी गाणी, गाणारी काकीच पाहिजे, आईचा हट्ट. म्हटलं, "लोक हसतील गं." तर म्हणे, "आदी आयक, मंग बोल," आणि फोन काकीपुढे धरला.

चारच सूर. जिना चढल्यासारखे वर जातात, उतरतात, आणि शेवटचा ती अर्धा लटकत सोडते. बस.

आता रूममधला नेपाळी बिकाश भांडी घासताना तेच गुणगुणतोय. मराठीचा म येत नाही त्याला, स्पीकरवर ऐकलंय एकदाच! तो लटकता सूर आला की आपोआप पुन्हा पहिल्यापासून. थांबताच येत नाही. मलाही. कुणाला सुचलं असेल हे? लिहिता येत नसलेल्या कुठल्या बाईला?

डीजेसाठी ठेवलेले सगळे काकीला पाठवतोय. पंधरा हजार रुपये.