सिंगल हँड, रनिंग कमी

५ जानेवारी, रविवार
मोटारसायकल विकायचा निर्णय पक्का. जाहिरात टाकली: सिंगल हँड, रनिंग कमी, सीटवरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा शाबूत. सहा वर्षांत जेमतेम चार हजार किलोमीटर! लोक गाडी घेतात आणि फिरवत सुटतात, मग किंमत येत नाही म्हणून रडतात. मी ऑफिसला सिटी बसने गेलो. बायको, अवंतिका, वारणानगरच्या कॉलेजात शिकवायला एसटीने, बऱ्याचदा उभ्याने. त्याचं चीज आता होणार. येतील त्या पैशांत तिला स्कूटर. तसा शब्द दिला. ती "बरं" म्हणाली. तिची आनंद दाखवायची पद्धतच तशी आहे.

८ जानेवारी
एकही फोन नाही. किंमत कमी बघून लोकांना शंका येत असावी. पाच हजारांनी वाढवली.

१२ जानेवारी, रविवार
मलकापूरहून हंबीरराव नावाचं गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फेरी मारली, मीटर बघितला आणि हसले. म्हणाले, "पावणं, मीटर किती मागं फिरवलाय?"
मी शपथ घेतली. तर म्हणाले, "गाडी वापरलीसा का पुजलीसा?"
वर दोन कप चहा पिऊन गेले. डोकं फिरलं.

१३ जानेवारी
शेजारच्या जयपालशेठना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, मी सहा वर्सं तुमची गाडी झाकलेलीच बघतोय, तरी मलाबी त्यो मीटर खरा वाटंना झालाय की. जरा फिरवा तिला."
मुद्दा पटला. उद्या संक्रांत, म्हणून परवापासून अवंतिकाला रोज गाडीवरून सोडणार, आणणार. महिना-दोन महिन्यांत रीडिंग विश्वास बसण्याजोगं होईल. तिला सांगितलं, तर म्हणाली, "आता आठवण झाली होय?" हे सगळं तिच्याच स्कूटरसाठी चाललंय, पण समजून घेईल तर शपथ.

१५ जानेवारी
गाडी बऱ्याच किका मारल्यावर सुरू झाली. निघताना तिला फक्त एवढंच सांगितलं की चपलेने फूटरेस्ट घासू नको आणि साडीची पिन प्लास्टिकला लागू देऊ नको. टोप गावाच्या अलीकडे गाडी बंद. मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, "टाकीत गंज धरला असंल. उभी करूनच मारलीसा की वो गाडी!"
तेवढ्यात मागून तिची रोजची एसटी आली आणि हात करायच्या आधीच थांबली. आतल्या बायकांनी सरकून तिला जागा केली. तिने खिडकीतून पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मला फार वाईट वाटलं. मग राग आला, पण नक्की कुणाचा ते ठरेना. गाडी शिरोलीच्या गॅरेजपर्यंत ढकलत नेली. समाधान एकच, ढकलतानाही मीटर फिरतो.

१८ जानेवारी
गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. खोल म्हणालो. इंजिन नव्यासारखं झालं की किंमत अजून वाढवता येईल.

२५ जानेवारी, शनिवार
अवंतिका स्वतःच्या पगारावर कर्ज काढून स्कूटर घेऊन आली. मला विचारलंसुद्धा नाही. आणि सीटचं प्लास्टिक शोरूममध्येच ओढून काढलं! रिसेलचा काही विचार? तसं बोललोही. ती म्हणाली, "विकायला नाही, बसायला घेतलीय. बसा मागे, तुम्हाला गॅरेजला सोडते."
बसलो. सीट एवढी मऊ असते हे माहीत नव्हतं.