तुझं काय मोजायचं

आप्पा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि गेल्या महिन्यापर्यंत मी तुमच्यावर एका धावण्याच्या शर्यतीवरून रुसून होते, हे ऐकून तुम्ही हसाल. हसा. धाकटा तर हसतोच. जन्मतः ज्याच्या हृदयाला भोक होतं आणि ज्याच्यापायी आपल्या दिघीच्या घरात वर्षभर कुणी मोठ्याने बोललं नाही, तोच. आता तो तळवड्यात आयटीत आहे, पोट सुटलंय, जिना चढताना धाप लागते. पण ती वडापावची.

कंपनीत तुमचं काम वेळ मोजायचं. कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉच लावून लिहायचं. तुम्ही शेजारी येऊन उभे राहिलात की कामगार मुद्दाम सावकाश हात चालवतात, हे जेवताना तुम्हीच हसून सांगायचात. बाळ आजारी निघालं आणि ते हसणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशनपुरतं वजन भरेपर्यंत याचे श्वास मोजत राहा, वाढले की लगेच घेऊन या. साहेबांना विचारून तुम्ही कंपनीचं घड्याळ घरी आणलंत. रोज संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाळण्याशी गुडघे टेकून बसता, हातात घड्याळ, डोळे त्याच्या पोटावर. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आई गॅस बंद करते. आणि आठ वर्षांची मी दारात उभी. मला खोकलासुद्धा दाबून धरावा लागतो.

शाळेच्या शर्यतीला ते घड्याळ घेऊन यायचं तुम्ही कबूल केलं होतं. नेमका त्या दिवशी बाळाला ताप भरला. मी पहिली आले, प्रमाणपत्र नाचवत घरी आले, तर तुम्ही मोजत होतात. मी भुणभुण लावली तेव्हा मान वर न करता म्हणालात, "तू धडधाकट हायस. तुझं काय मोजायचं?" त्याच आठवड्यात घड्याळ हरवलं. तुम्ही सगळं घर उपसलंत, साहेबांपुढे मान खाली घालून उभे राहिलात, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवून मोजत राहिलात. मी मात्र तुमचं ते वाक्य जन्मभर जपलं.

आता माझी नोकरी लहान मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात आहे. डॉक्टर जे सांगतात ते मी आईवडिलांना पुन्हा, समजेल असं सांगते. बाळ शांत झोपलेलं असताना मोजायचं, पोट वर आलं की एक, पुरतं एक मिनिट. गेल्या महिन्यात चाकणच्या कंपनीतला एक ऑपरेटर आणि त्याची बायको दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन आले. माणसं मूळची परभणीकडची. सोबत सात वर्षांची मुलगी. तो मोबाइलवर वेळ लावून श्वास मोजत होता आणि मुलगी त्याची बाही ओढत होती, "पप्पा, मी शाळेत पळण्यात पहिली आले, सांगा ना यांना."

"तुला काय झालंय? गप बस की," तो खेकसला.

माझं डोकंच फिरलं. चार शब्द सुनावायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या बायकोने मुलीला जवळ ओढलं. म्हणाली, "ताई, त्यांच्यावर रागावू नका. ह्याचे श्वास मोजून मोजून जीव घाबरा होतो बघा. मग आम्ही दोघं बी हिच्यापाशी येऊन बसतो. घरात एक तरी लेकरू असं हाय, ज्याचं काहीच मोजावं लागत नाही."

पाणी प्यायच्या निमित्ताने मी बाहेर आले आणि रडले. मोजून झालं की तुम्हीही माझ्यापाशी येऊन बसायचात. मी गृहपाठ करत असायची. तुम्ही नुसते बसायचात, आणि मी फुगून पाठ फिरवायची. मला वाटायचं, अभ्यास तपासायला आलात. तुम्ही दमून येत होतात, आप्पा. विसाव्याला येत होतात, आणि मी तुम्हाला पाठ दाखवत होते.

काल त्या बाळाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर दोन दिवस काही सांगणार नाहीत. आईवडील दाराबाहेर बसून होते, म्हणून मी मुलीला आवारात नेलं आणि गेटपासून कडुनिंबापर्यंत पळायला लावलं. पर्समधून स्टॉपवॉच काढून तिची वेळ मोजली. ती गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत म्हणाली, "किती? अजून एकदा!" त्या धापा ऐकताना मला किती बरं वाटलं ते तुम्हालाच कळेल.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं? कपाटात त्या स्टॉपवॉचशेजारी ठेवून देईन. हो, तेच, कंपनीचं. चावी दिली की अजून चालतं. ते हरवलं नव्हतं, आप्पा. शर्यतीनंतर मीच ते दुधाच्या पिशवीत गुंडाळून रांगोळीच्या डब्यात पुरलं होतं. त्या वर्षी आपल्या दारात रांगोळी पडतच नव्हती. साहेबांपुढे तुमची मान खाली गेली ती माझ्यामुळे. रागवायचं असेल तर रागवा. मी धडधाकट आहे.