मोज्यावरचं नाव

क्रॉयडन, २७ डिसेंबर २००६

ती. आईस लांबूनच वाकून नमस्कार.

आधी तुझी काळजी मिटवते. माझा खोकला गेला, आणि साखरपुड्यानंतरचा पहिला ख्रिसमस अंशुमनच्या घरी छान झाला. त्याच्या आईने, सुनीतीकाकूंनी, करंज्यासुद्धा केल्या होत्या.

इथे घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा लाल मोजा टांगतात आणि सकाळी त्यात भेटी सापडतात. काकूंनी यंदा माझ्यासाठीही विणला होता. मी शोधत राहिले, माझा सापडेना. मग काकूंनीच हसत दाखवला. त्यावर 'मधुरा' लिहिलं होतं. लग्नात तांदळात लिहायचं नाव त्यांनी आत्ताच ठरवून टाकलंय. पुण्यात आता फारसं कोणी नाव बदलत नाही गं, पण काकू पंचाहत्तर साली इकडे आल्या, त्यांचं पुणं तिथेच थांबलंय.

मी अंशुमनकडे पाहिलं. "फक्त मोजा आहे, तू का घाबरतो?" म्हणाला. त्याचं मराठी असंच. मी हसले.

पण दुपारी काकांनी "मधुरा, चहा टाकतेस?" अशी हाक मारली आणि मी "हो" म्हणून उठलेसुद्धा. आई, एका दिवसात!

मामा तुला अजून नंदू म्हणतो. लग्नात तुझं नाव बदललं तेव्हा तुला भीती वाटली होती का? मी कधी विचारलंच नाही.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. ते गोळ्या वेळेवर घेतात ना?

रविवारी फोन करशील तेव्हा आधी मला नावाने हाक मार, मग बाकीचं बोल.

तुझी,
कस्तुरी