एक वाण कमी पडलं

१८ जानेवारी, रविवार

सगळ्यांत आधी कोण आलं, तर सरिता! बोलावलं होतं चारला, ही साडेतीनला दारात. माझ्या निऱ्या अजून हातात, शेगडीवर पाक. म्हणाली, "काकू, ट्राम लवकर आली." इथे ट्राम कधी लवकर येत नाही, माणूसच लवकर निघतो. तिची लेक ऊर्जा गेल्या वर्षी त्या गणिताच्या सरकारी शाळेत लागली, तेव्हापासून ड्रेस्डेनमधल्या आपल्या बायका सरितासाठी सोफ्याचा कोपरा रिकामा ठेवतात. अख्ख्या गावातून अठ्ठावीस मुलं घेतात म्हणे. चौथीनंतर, परीक्षा घेऊन. फी काही नाही. आणि आमच्या कुहूची, माझ्या नातीची, परीक्षा पुढच्या महिन्यात!

तर सरिताने तिळगूळ घेतला आणि नीताच्या — माझ्या सुनेच्या — हातात एक पुडकं ठेवलं. "हे माझं वाण. कुहूसाठी. आपल्यातच राहू दे हं." आत वही! शाळा पेपर घरी नेऊ देत नाही. म्हणून पोर परीक्षा देऊन बाहेर आलं की आईबाप ट्राममध्येच त्याच्याकडून प्रश्न वदवून घेतात आणि या वहीत उतरवतात. कितीतरी वर्षांचे प्रश्न, या घरातून त्या घरात. नीताचा चेहरा असा खुलला की लग्नातही नव्हता. (लग्नात तिला चपला चावत होत्या.)

वाणाला मी फलटणहून स्टीलचे डबे आणलेत, बरोब्बर बारा. बायका अकरा आणि सरिताची सासू. वाटून झाले. इतक्यात बेल. खालच्या दुकानातली आजी! व्हिएतनामची. त्यांच्यात आजीला 'बा' म्हणतात, म्हणून सगळी बिल्डिंग तिला बाच म्हणते. काल मी तिच्या काउंटरवर विसरलेली कोथिंबीर घेऊन तीन जिने चढून आली. रेशमी साड्या बघून मागे फिरायला लागली. मी सोडते काय! मनगट धरून आत आणलं. हळद, कुंकू, अत्तर, तिळगूळ. आम्हा दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही, त्यामुळे आम्ही नेहमी गोडच बोलतो. मग डब्याला हात घातला तर डबा नाही! तेरावी बाई. कुंकू लावलेली बाई माझ्या दारातून रिकाम्या हाती गेली.

सगळं छान झालं. तेवढं एक मनाला लागलं.

२१ जानेवारी

वही बघितली. पहिली पानं हिरव्या शाईत, बारीक मोत्यासारखं अक्षर, साताच्या मानेला आडवी रेघ. मग निळी शाई, मग पेन्सिल, शेवटी सरिताचं कोंबडीच्या पायांचं अक्षर. सगळं जर्मन. कुहू स्वयंपाकघरात बसून सोडवते, मी मटार सोलते, ती मला मराठीत सांगते — म्हणजे मी मराठीत विचारते आणि ती जर्मनमध्ये सांगून कपाळाला हात लावून परत अर्धंमुर्धं मराठीत सांगते.

आजचा प्रश्न — आरशात घड्याळ बघितलं तर सव्वाचार दिसतात, खरे किती वाजले? मी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, किल्ली फिरवली, न्हाणीतल्या आरशासमोर धरलं. पावणेआठ! कुहू म्हणाली, "आजी, परीक्षेत घड्याळ नाही देत." मी म्हटलं, डोक्यात घेऊन जा मग.

माझं घड्याळ आता पंधरा मिनिटं पुढे आहे. कोणी ओरडलं नाही अजून.

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. खीर उतू गेली, मुद्दाम घालवावी लागली नाही.

जेवताना माझ्या लेकाची, प्रतापची, आणि नीताची जुंपली. प्रताप म्हणाला, परीक्षा सगळ्यांना एकच, तास तेवढेच, पेपर तोच, म्हणजे न्याय. कारखान्यात तो मशीनं तपासतो, त्याला सगळं एका मापाचं लागतं. नीता म्हणाली, "पेपर एक असेल, पण घरं एक आहेत का? कुहूच्या वर्गातल्या त्या फेलिक्सचे आजोबा त्याच शाळेत शिकवायचे. आपल्या मुलीच्या बाईंनी मला काय विचारलं? घरी जर्मन बोलता का. गणित नव्वद टक्के, आणि विचारतात काय! त्यांच्याकडे आजोबा आहेत, आपल्याकडे वही आहे. झाली बरोबरी." प्रताप "जा, जा" करत पोळी चावत राहिला. जर्मन 'हो' आहे ते; इथे राहून त्याला 'हो'सुद्धा मराठीत म्हणता येईना.

मला दोघांचंही पटलं. हीच माझी अडचण आहे जन्माची.

३० जानेवारी

काय कळलं आज! बाची नात लिन, कुहूच्याच वर्गात — ती पण बसतेय परीक्षेला! मुळे घ्यायला गेले तर पोरगी दुकानात मागच्या बाजूला, तांदळाच्या पोत्यावर पाटी टेकवावी तशी वही टेकवून गणितं करतेय. आईबाप दोघं दुकानात, सकाळी सहापासून उभे. तिच्याकडे शाळेने पाठवलेला एकच कागद. नमुना प्रश्न, तीन. तेच तीन ती परत परत सोडवते. खोडून पुन्हा. कागदाला भोक पडलंय.

घरी आले आणि भाकरी करपली.

आमच्या वेळी चौथीला शिष्यवृत्तीची परीक्षा असायची. गुरुजी रविवारी घरी बोलावून शिकवायचे — पाटलांची दोन मुलं, वाण्याचा एक, स्वतःचा एक. मला परीक्षा आहे हेच परीक्षा झाल्यावर कळलं. पुढे पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे, संपलं शिक्षण. तक्रार नाही. तिसापर्यंत पाढे येतात, पावकी-निमकीसकट, आणि डबे सोडले तर हिशोब चुकत नाही.

६ फेब्रुवारी

आताच्या शाळेचं शिफारसपत्र मिळालं, पुढच्या शाळेसाठी लागतं ते! त्याचं जर्मन नाव उच्चारायला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. कुहूलाही, लिनलाही. शिरा केला.

११ फेब्रुवारी

दिली.

घरात कोणी नव्हतं. कुहूची वही दोनदा सोडवून झालीय, टेबलाच्या खणात पडून होती. मी म्हटलं, ही वाण म्हणून घरात आली. वाण कधी कोणी कुलपात ठेवतं का? लुटायचंच असतं. आणि बाचं एक वाण माझ्याकडे राहिलंय. वहीवर हळदकुंकू लावलं, पदराखाली घेतली, खाली गेले.

बा कांद्याच्या पाती निवडत होती. मी वही पुढे केली, लिनच्या पोत्याकडे बोट दाखवलं. तिने हात पुसले. पहिलं पान उघडलं, हिरव्या शाईचं. त्यावर बोट ठेवलं ते उचलेचना. माझ्याकडे बघते, पानाकडे बघते. डोळ्यांत पाणी. कांद्याचं असेल. मग काहीतरी लांबलचक बोलली, मी "जा, जा" म्हटलं. झाले मी पण प्रतापसारखी.

येताना तिने मला आंबा दिला. फेब्रुवारीत आंबा!

१५ फेब्रुवारी, रविवार

नीता विचारत होती, वही कुठे ठेवली. मी म्हटलं, असेल, बघते. खोटं नाही, बघतेच आहे मी. रोज दुकानात जाऊन बघते. लिन पोत्यावर बसून सोडवते आणि बा तिच्या मागे उभी राहून पंख्यासारखा पुठ्ठा हलवते. थंडीत!

आंब्याचं विचारलं तेव्हा मात्र 'मिळाला' म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षा!! सकाळी दह्याचा चमचा कुहूच्या हातावर, नीताला चालत नाही पण आज चालवून घेतलं. खाली दारात लिन. तिच्या हातावरही दही घातलं. दोघी एकाच ट्रामने, प्रताप बरोबर. मी खिडकीत, बा खाली फुटपाथवर, दोघी ट्राम वळेपर्यंत हात हलवत. ट्राममध्ये बसलेलं एक कुत्रं तेवढं आमच्याकडे बघत होतं.

दुपारी कुहू जिन्यातूनच ओरडत आली, "आजी, आरसा आला!" घड्याळ आलं होतं, आकडे वेगळे. तिने मनात आमची न्हाणी आणली म्हणे. लिनचंही बरोबर आलंय. मी नाचायचीच बाकी होते.

नीता कागद-पेन घेऊन बसली, प्रश्न उतरवायला. म्हणाली, आता ती वही लागेलच, सरिताला परत द्यायचीय. मी कांदा चिरायला घेतला. भाजीत कांदा नव्हता.

२० मार्च, शुक्रवार

पत्र आलं.

सत्तावीस मुलं पक्की झाली. अठ्ठाविसाव्या जागेला दोन मुलींना सारखे गुण. एक्केचाळीस आणि एक्केचाळीस. कुहू. आणि लिन! पुढच्या शुक्रवारी शाळेत सगळ्यांसमोर चिठ्ठी काढणार.

प्रताप म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. ह्याहून सरळ काय असणार?" नीता म्हणाली, ती खालची मुलगी एकटीने अभ्यास करून इथवर आली, कमाल आहे. खरं कौतुकाने म्हणाली. मी पाणी आणायला उठले.

वही दिली नसती तर चिठ्ठी नसती. कुहू सरळ आत. हे गणित मलाही येतं.

२७ मार्च, शुक्रवार

लिनची निघाली.

कुहू न्हाणीत दार लावून रडली. बाहेर आली, नाक पुसलं, म्हणाली, लिन आणि मी एकाच ट्रामने जायचं, मी आधी उतरेन, ती पुढे. कुहूच्या दुसऱ्या, साध्या शाळेचा थांबा वाटेतच आहे. एवढंच बोलली. प्रतीक्षायादीत पहिलं नाव तिचं, पण हातातली जागा कोण सोडतंय.

२९ मार्च, रविवार

सांगितलं नीताला. घड्याळं पुढे केली आज, इथे वर्षातून एकदा पुढे, एकदा मागे करतात, तेव्हा ती स्टुलावर चढली होती. "आपलं घड्याळ आधीच पुढे कसं?" म्हणाली. मी घड्याळाचं सांगता सांगता वहीचंही सांगितलं. आतून आपोआप आलं.

ती खाली उतरली. स्टूल जागेवर ठेवलं.

"आई, मला विचारायचं होतंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते." घड्याळाची किल्ली खणात टाकली. "दहा वर्षं झाली मला इथे. अजून प्रत्येक दारात मला माझं नाव दोनदा सांगावं लागतं. एक वही होती आपली. आपल्या लोकांची. तीही तुम्ही देऊन आलात."

तिचं खोटं नाही. आणि तांदळाच्या पोत्यावरचा तो भोक पडलेला कागद, तोही खोटा नाही. कुहूच्या दप्तरातला डबा मी रोज भरते, उद्या कुठल्या तोंडाने भरू?

१ एप्रिल

नीता बोलते. मीठ दे, दार लाव, एवढं.

४ एप्रिल, शनिवार

आले! तिघी — बा, लिनची आई, लिन. हातात वही, नवं कव्हर घातलेली. दार नीतानेच उघडलं. मी मागे, देवाचं नाव घेत.

लिनच्या आईने वही उघडून दाखवली. शेवटी लिनने या वर्षीचे सगळे प्रश्न लिहिलेत. मग बाने पहिलं पान काढलं आणि परत तेच, बोट हिरव्या शाईवर. बा बोलली, लिनने जर्मन केलं, कुहूने मराठी. तीन घरं फिरून माझ्यापर्यंत आलं ते असं — हे अक्षर बाच्या धाकट्या लेकीचं. ती वीस वर्षांपूर्वी त्याच शाळेत होती. परीक्षा देऊन आली, आणि मागच्या मुलांना उपयोग होईल म्हणून वही तिनेच सुरू केली. हिरवं पेन बाने घेऊन दिलेलं. शाळा सोडताना खालच्या वर्गातल्या कोणा मुलीला देऊन टाकली. आता आखन शहरात इंजिनियर आहे. वही अजून फिरतेय हे तिलाही माहीत नव्हतं.

नीता ते पान बघत राहिली. साताच्या मानेवरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, चैत्रातल्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं ठरलंय?" मी म्हटलं, काही नाही अजून. "या वहीच्या झेरॉक्स काढू. कुहूच्या मागच्या वर्गात चोवीस मुलं आहेत, पुढच्या वर्षी परीक्षा देणारी; त्यांच्या आयांनाही बोलावू. या वेळी मी मोजते."

सातवीला परत एक परीक्षा असते म्हणे त्या शाळेची. बाची लेक कुहूचा अभ्यास घेते म्हणाली, फोनवरून, आत्ताच.

हळदीकुंकवाला तिघी येणार आहेत, बाच्या लेकीला घेऊन. पन्हं, कैरीची डाळ. सरिताला साडेचारची वेळ सांगायची, म्हणजे ती चारला येईल. बाकी सगळ्यांना रविवार, १२ एप्रिल, चार वाजता.