मातोश्रींचा सुरक्षा-बिल्ला परत घेणेबाबत

प्रति,
मा. विद्युत सुरक्षा अधिकारी,
विभागीय कार्यालय.

विषय : माझ्या मातोश्रींना दिलेला ‘घरगुती विद्युत सुरक्षा दूत’ हा बिल्ला परत घेणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे गेल्या महिन्यातील प्रात्यक्षिक.

महोदय,

१. सविनय सादर करतो, की मी घरीच कपडे शिवतो. शिलाईयंत्र, इस्त्री व दिवा ही माझ्या पोटापाण्याची साधने एकाच एक्स्टेंशन बोर्डावर गुण्यागोविंदाने नांदत होती. आपल्या प्रात्यक्षिकाहून मातोश्री छातीवर बिल्ला लावून परतल्या आणि त्यांनी तिघांची फारकत केली. “इस्त्री एकटी, भिंतीतल्या सॉकेटवर. सोबतीला कुणी नको,” असे फर्मावले.

२. तेथवर सोसले. तदनंतर त्यांनी गालिच्याखालून नेलेली वायर उपटली. त्या वेळी गालिच्यावर उभे असलेले माझे मेहुणे आडवे झाले. टीव्हीमागे जरा ‘चर्र’ वाजले की मेन स्विच बंद होतो. त्यामुळे मालिकेतील खून कोणी केला, हे आमच्या घरात आजतागायत कोणासही ठाऊक नाही.

३. कहर म्हणजे, एका नवरदेवाच्या कोटास इस्त्री करताना मी क्षणभर दाराशी गेलो. परत येतो तो इस्त्री रिकाम्या लोखंडी कपाटात कुलूपबंद! नवरदेव एक बाही चुरगळलेली घेऊन बोहल्यावर चढले. सर्व फोटोंत नेमकी तीच बाही पुढे आहे. यावर मातोश्रींचे म्हणणे, “चुरगळलेली चालते, जळलेली चालत नाही.”

४. सबब बिल्ला परत घ्यावा, असे काल येथवर लिहून मी सही करणार, तोच मातोश्रींनी हाक मारली, “इकडे ये. प्लगला हात लाव.”

चटकाच बसला. मी म्हणालो, “इस्त्री आहे, तापणारच.”

“इस्त्रीनं तापावं. प्लग कशाला तापतोय?”

मी लगेच वायरमनला बोलावले. त्याने मेन स्विच बंद करून सॉकेट उघडला. इतकी वर्षे तो एक्स्टेंशन बोर्ड याच सॉकेटच्या जिवावर होता. आतील तार ढिली, प्लास्टिक वितळून काळेठिक्कर. वीतभर खाली गिऱ्हाइकांच्या कापडाचा ढीग, आणि ढिगापलीकडे माझ्या लेकीची खाट. वायरमन म्हणाला, “आज-उद्या पेटलंच असतं.” मी त्या ढिगावरच बसलो. मातोश्रींनी पाणी दिले, आणि नातीची खाट सॉकेटपासून दूर ओढली.

५. तरी विषयात ‘परत घेणेबाबत’ ऐवजी ‘कार्यक्षेत्र वाढवून मिळणेबाबत’ असे वाचावे. आमचे घर आता निर्धोक झाले असल्याने, यापुढे संपूर्ण गल्ली मातोश्रींच्या हवाली करावी, ही कळकळीची विनंती. गल्लीस आगाऊ सूचना देऊ नये. लोक वायरी लपवतात.

आपला नम्र व अद्याप न जळालेला,
(सही)
घरी शिवणारा शिंपी

दिनांक : वायरमन येऊन गेल्याचा दुसरा दिवस

सोबत : वितळलेला सॉकेट, एक. (थंड आहे. मातोश्रींनी हात लावून खात्री केली आहे.)